तुम्ही विचारलंत म्हणून: वघईची गाडी बंद होणार का?

नाशिकचा माणूस सुट्टी मिळाली की वणी, बोरगाव, सापुतारा करत गुजरातच्या डांग जिल्ह्यातल्या वघईला कशाला पळतो आणि तिथून बिलीमोऱ्याला जाणारी ती छोटी रेल्वेगाडी राहणार की जाणार, हे मला सोसायटीत, ऑफिसात सगळीकडे विचारतात.

मागच्या खेपेला गेलो तेव्हा चालू होती, पण भरवसा वाटत नाही हे खरंय. दोन रुळांत जेमतेम अडीच फुटांचं अंतर, लांबी 63 किलोमीटर, गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने डांगातला साग खाली आणायला टाकलेली लाईन. साग गेला, माल ट्रकवर गेला, उरले पॅसेंजर. 2020 ला कोरोनात गाडी थांबली ती थांबलीच, आणि डिसेंबरमध्ये पश्चिम रेल्वेच्या तोट्यातल्या 11 लाईन कायमच्या बंद करायचं रेल्वे मंत्रालयाचं पत्र निघालं त्यात हिचंही नाव! लोकांनी ओरड केली, आमदार-खासदार मध्ये पडले, तेव्हा कुठे सप्टेंबर 2021 ला परत सुरू झाली, वर एक एसी डबा जोडून.

तोटा आहेच, कोण नाही म्हणतंय. पण तिकीट इतकं स्वस्त की डबे खचाखच भरले तरी खर्च निघायचा नाही, मग नुसता गल्ला बघून लाईन कामाची की बिनकामाची कसं ठरवता?

एकदा माझ्यासमोर डुंगरड्याला एक आजी चढल्या, नागलीचं गाठोडं मांडीवर, उनाईला लेकीकडे चाललेल्या. बोलणं डांगी, पण आपल्याला निम्म्याहून जास्त कळतं, सुरगाण्याकडच्या बोलीसारखंच. त्या म्हणाल्या बसवाला गाठोडं बघून कुरकुर करतो, इथे कोणी काही म्हणत नाही. पुढे फाटक आलं, गाडी थांबली, गाडीतलाच माणूस उतरला, फाटक लावलं, गाडी पलीकडे गेली, त्याने फाटक उघडलं आणि पळत येऊन चढला. आजींनी मान वर करूनही बघितलं नाही, मी मात्र खिडकीतून अर्धा बाहेर.

म्हणून मला नुसती बंद व्हायची भीती नाही, आमच्यासारख्या हौशी लोकांसाठी तेवढी ठेवतील आणि वेळा पण आमच्याच सोयीच्या करतील याची जास्त भीती वाटते. आजींच्या वेळेला गाडी असायला हवी.

जाणार असाल तर सापुताऱ्यापासून वघई पन्नासेक किलोमीटर आहे, घाट उजेडात उतरा, आणि साध्या डब्यात बसा.