डिझाइनचा कार्डस्टॉक घेताना आधी जाडी बघा, चित्रं नंतर

मुलांसोबत कार्डं आणि स्क्रॅपबुक करायला बसायचं म्हटलं की पहिली खरेदी असते ती डिझाइनवाल्या कार्डस्टॉकच्या (म्हणजे कार्डं करायच्या जाड कागदाच्या) पॅडची, आणि आपण पॅड उचलतो कशावरून तर वरच्या पानावरच्या गोड चित्रावरून. युनिकॉर्न, डायनासोर, रॉकेट, सगळं भरभरून. मला विचाराल तर हीच पानं सगळ्यात कमी कामाची. सगळं आधीच छापलेलं असेल तर पोराने करायचं काय? आणि अशा गिचमिड पानावर फोटो लावला की फोटो हरवतोच.

तर आधी जाडी. पाकिटावर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. प्रिंटरचा साधा कागद ७०-८० चा असतो, कार्डस्टॉक साधारण १८० पासून पुढे ३०० पर्यंत जातो. मोठ्यांना ३०० चा हातात घेतला की भारी वाटतो, पण मुलांच्या बोथट टोकाच्या कात्रीने तो कापून बघा, माझी लेक दोन्ही हातांनी कात्री दाबते, कागद कापला न जाता मधेच दुमडतो, कडेला दातरं पडतात आणि मग वैतागून सगळं माझ्याकडे येतं, "आई तूच काप". फुलं-चांदण्या पाडायचे छोटे पंचसुद्धा इतक्या जाड कागदात अडकतात. कापायचं-चिकटवायचं असेल तर १८०-२०० पुरे, उभं राहणारं घडीचं कार्ड करायचं असेल तर २२० ते २५०.

घडीवरून आठवलं, कागदातले तंतू एका दिशेने झोपलेले असतात, त्या दिशेने घडी घातली की सुरेख बसते आणि आडवी घातली की कडा फुटल्यासारखी दिसते. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघायचा, जिकडे सहज वाकतो तिकडे घडी. आणि घडी घालण्याआधी पट्टी धरून रिकाम्या बॉलपेनने एक रेघ ओढून घ्या, खूप फरक पडतो.

अजून एक, कोपरा थोडा फाडून बघता आला तर बघा (विकत घेतल्यावर अर्थात!). डिझाइन वरवर छापलेलं असेल तर आतून पांढरा निघतो, मग प्रत्येक घडीवर आणि फाडलेल्या कडेवर पांढरी रेघ दिसते. मला फाडलेल्या कडेला ती आवडते, घडीवर अजिबात नाही. आतपर्यंत एकच रंग हवा असेल तर प्लेन रंगीत कार्डस्टॉक बघा, त्यातही लेबल वाचूनच, कारण काही प्लेन कागदही आतून पांढरे असतात.

डिझाइन निवडताना कार्डाचा आकार डोळ्यांसमोर ठेवा. ए४ अर्धा कापून घडी घातली की कार्ड उरतं जेमतेम १०.५ बाय १५ सेंटीमीटर, त्यावर तळहाताएवढं फूल छापलेलं असेल तर अर्धी पाकळीच येणार. मोठी डिझाइनं १२ इंची अल्बमच्या पानाला, कार्डाला बारीक ठिपके, पट्टे, चौकडा. सरळ-उलटं असलेलं डिझाइन लहान मुलांना नकोच, हत्ती हमखास डोक्यावर उभे राहतात. (लेकीला त्याचं काही वाटत नाही म्हणा, मलाच वाटतं.)

गुळगुळीत चकचकीत कागद दिसायला छान पण त्यावर स्केचपेन लवकर वाळत नाही, हात फिरला की नाव पुसलं. मुलं लिहिणार असतील तर मॅटच घ्या. ग्लिटरवाला घ्यायचाच तर एखादंच पान, चमचम घरभर होते आणि त्याच्या खरखरीत बाजूवर ग्लू स्टिक धरत नाही, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लागते.

फोटो लावणार असाल तर ॲसिड-फ्री आणि लिग्निन-फ्री असं लिहिलंय का बघा. लिग्निन म्हणजे लाकडातलाच घटक, जुनं वर्तमानपत्र पिवळं पडतं ते मुख्यतः त्याच्यामुळे. नुसत्या वाढदिवसाच्या कार्डाला याची एवढी गरज नाही, तिथे स्वस्तातला चालतो.

एकूण हिशेब सांगायचा तर माझ्या ढिगात प्लेन जास्त आणि डिझाइनचे कमी, तेही बहुतेक दोन्ही बाजूंनी छापलेले, एकीकडे मोठं डिझाइन आणि मागे पट्टे किंवा ठिपके, म्हणजे रंग आपोआप जुळतात. फक्त चिकटवायच्या आधी कुठली बाजू वर हवी ते पोरांना विचारून घ्या, नाहीतर चिकटवलेलं उपटायला लावतात.