ग्रुपवर टाकायच्या आधी तो एरर शेवटपर्यंत वाचा

लिनक्स शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक फोटो सारखा येतो. मोबाईलने तिरका काढलेला स्क्रीनचा फोटो, वरचा भाग कापलेला, आणि खाली "पिप चालत नाहीये, अर्जंट हेल्प". पिप म्हणजे पायथनची पॅकेजेस, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, मशीनवर टाकायचं टूल. एरर बहुतेक वेळा तोच असतो, एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट, म्हणजे इथलं पायथन ओएस स्वतः सांभाळतं, पिपने त्यात काही टाकू नका. २०२३ मध्ये डेबियन १२ हे लिनक्स आलं, रास्पबेरी पायचं नवीन ओएस आलं, उबुंटूनेही तेच घेतलं, तेव्हापासून ज्याने ज्याने नवीन मशीनवर नुसती पिप इन्स्टॉल ही कमांड चालवलीय त्याला हा दिसलेलाच आहे.

आता गंमत म्हणून नाही, खरंच सांगतोय, या एररमध्येच उत्तर लिहिलेलं असतं. तो म्हणतो की पॅकेज सगळ्या सिस्टीमसाठी हवं असेल तर आधी एप्टने, म्हणजे ओएसच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने बघ, पायथन थ्री डॅश आणि पुढे पॅकेजचं नाव. तिथे नसेल तर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सिस्टीमपासून वेगळा असा पायथनचा फोल्डर बनव, त्याची कमांडसुद्धा दिलेली असते, आणि जास्त वाचायचं असेल तर तुमच्याच मशीनवर कुठली फाईल उघडायची तेही. एवढं सगळं समोर असताना लोक पहिली लाल ओळ बघतात आणि फोटो काढतात.

मला कळतं असं का होतं ते. मराठी मीडियममधून आलेल्या पोराला टर्मिनलमध्ये एकदम आठ-दहा ओळी इंग्रजी दिसलं की वाचायच्या आधीच वाटतं की हे आपल्यासाठी नाहीये. पण शब्द अवघड नसतात हो, पाच मिनिटं बसून एकेक ओळ लावली तर लागते.

मग शोधायचं. एरर जसाच्या तसा गूगलला चिकटवू नका, त्यातलं तुमचं युजरनेम, फोल्डरचा पाथ काढून टाका, जो भाग सगळ्यांना सारखा येणार तेवढाच अवतरणचिन्हात घाला. आणि उत्तर कुठल्या सालचं आहे ते बघाच! २०१५ चं उत्तर सांगेल सुडो लावून, म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने पिप चालवा, ते आता चालणार नाही. दुसरं एक उत्तर सगळीकडे मिळतं, ब्रेक सिस्टीम पॅकेजेस हा फ्लॅग, म्हणजे कमांडला जोडायचा जादा पर्याय लावा, एका ओळीत काम होतं म्हणून लोक तेच कॉपी करतात. अरे पण नावातच लिहिलंय ना काय होणार ते! डेबियनची स्वतःची कितीतरी टूल्स पायथनवर चालतात, पिपने सिस्टीममध्ये टाकलेलं पॅकेज यूएसआर लोकल या फोल्डरमध्ये जातं आणि एप्टने टाकलेल्याच्या आधी तेच उचललं जातं, मग व्हर्जन जुळलं नाही की भलतंच काहीतरी बंद पडतं आणि कारण सापडत नाही. उत्तराखालच्या कमेंट्समध्ये हे कोणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून कमेंट्सही वाचायच्या.

एवढं करून अडलं तर बिनधास्त विचारा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त फोटो नको, मजकूर कॉपी करून टाका, ओएस आणि पायथनचं व्हर्जन लिहा, काय काय वाचलं आणि काय करून बघितलं ते लिहा. असा प्रश्न आला की मी तरी हातातलं काम बाजूला ठेवून बघतो, कारण समोरचा कुठपर्यंत पोचलाय ते लगेच दिसतं आणि तिथूनच पुढे सांगता येतं.

आणि सुटलं की "झालं, थँक्स" एवढंच लिहून जाऊ नका ना प्लीज. कशाने सुटलं ती कमांड लिहा. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमधलं गूगलला सापडत नाही, ते तिथेच गाडलं जातं, त्यामुळे जमलं तर बाहेर कुठेतरी उघड्यावर लिहा, आणि मराठीत लिहा, कारण व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटबद्दल मराठीत शोधायला गेलं तर मला तरी हाताला फार कमी लागतं.