आमची वाटचाल : आजीच्या पोळपाटापासून

आमच्या पापड उद्योगाच्या पाटीवर आणि बिलबुकावर आजोबांचे नाव आहे, कारण त्या काळी नोंदणी घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावाने होत असे. धंदा मात्र आजीचा होता, हे जालन्याच्या मोंढ्यातला कोणीही जुना व्यापारी सांगेल.

आजी मूळची सिंधमधील सक्खरची. फाळणी झाली तेव्हा ती १७ वर्षांची होती आणि लग्नाला वर्षही झालेले नव्हते. सासरच्या माणसांबरोबर ती कराचीहून बोटीने मुंबईला उतरली आणि तिथून कल्याणच्या छावणीत पोहोचली. महायुद्धासाठी बांधलेल्या लष्करी बराकींची ती वस्ती पुढे १९४९ मध्ये उल्हासनगर झाली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो मुक्त झाला आणि त्यानंतर काही वर्षांनी ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ऐकून आजोबांनी इकडची वाट धरली. सायकलला कापडाचे गठ्ठे बांधून ते अंबड, परतूर, भोकरदनचे आठवडी बाजार करीत. तो सोन्याचा पाळणा आपल्याला अजून दिसायचा आहे, असे आजी नव्वदीतही हसत म्हणे.

सिंधी घरात पाहुण्यासमोर आधी पापड आणि पाणी ठेवतात. आजीचा तो पातळ, भरड मिऱ्यांचा पापड शेजारणींना आवडे. पण उन्हाळ्यात घरोघरी वाळवण घालणाऱ्या या मुलखात पापड विकत आणणे म्हणजे घरच्या बाईला कमीपणा. आजीने त्यांना विकण्याचा नादच सोडला. खानावळी, लग्नाचे आचारी आणि बदलीवर येऊन एकटे राहणारे कारकून, म्हणजे ज्यांच्यामागे वाळवण घालणारे कोणी नाही, ती तिची पहिली गिऱ्हाइके झाली. आजच्या भाषेत याला बाजारपेठेचा अभ्यास म्हणतील.

१९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या काही बायका संध्याकाळी आमच्याकडे पापड लाटायला येऊ लागल्या. त्यांच्या हातांना भेगा पडलेल्या असत आणि खार-मिऱ्याचे पीठ त्यांत झोंबे. आजी पहिल्या आठवड्यात त्यांच्या हाती लाटणे देतच नसे. तेल चोळून हात मऊ होईपर्यंत त्यांनी फक्त दोऱ्याने लाट्या कापायच्या आणि खाटेवरचे पापड उलटायचे, मजुरी मात्र लाटणारणीइतकीच घ्यायची. यावरून आजोबांशी तिचे वाजत असे. त्यांतल्या दोघींच्या सुना आज आमच्याकडे कामाला आहेत.

पुढच्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. भाड्याची खोली गेली, पत्र्याची शेड आली, पीठ मळायचे यंत्र आले आणि हिशेब संगणकावर गेला.

२०१३ च्या उन्हाळ्याचे मात्र सांगितलेच पाहिजे. जालन्यात पाणी नव्हते, आम्ही टँकरवर होतो. कारभार माझ्याकडे होता आणि पापड लालसर, किंचित कडवट होऊ लागले. माल परत आला. मी डाळ बदलली, पापडखाराचा व्यापारी बदलला आणि त्याला उगीचच चार शब्द सुनावले. शेवटी ८३ वर्षांची आजी काठी टेकत शेडमध्ये आली, तिने टाकीतले ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकले आणि म्हणाली, “अरे, खार पाण्यातच आहे. तू आणखी कशाला घालतोस?” टँकर रोज वेगळ्या विहिरीवर भरला जात होता आणि आमचे प्रमाण ठरलेले होते. यंत्राने मोजून खार घालण्याचा मला जो अभिमान होता, तो त्या दिवशी गेला.

२०२२ मध्ये, ९२ व्या वर्षी आजी गेली. तिच्या पेटीत उजवीकडून उघडणाऱ्या, अरबी वळणाच्या सिंधी लिपीतल्या नऊ वह्या निघाल्या. माझे शिक्षण मराठी शाळेत झाले. त्या लिपीतील बावन्न अक्षरांपैकी एकही मला वाचता येत नाही. कॉलनीतील एका वृद्ध गृहस्थांनी त्या वाचून दाखवल्या. उधारी-जमेच्या मधूनमधून कोणत्या महिन्यात, कोणत्या विहिरीच्या पाण्याला किती खार लागला, याची नोंद तिने ठेवली होती. त्यांतल्या निम्म्या विहिरी आता बुजल्या आहेत. उरलेल्यांची प्रमाणे मी मराठीत उतरवून शेडच्या भिंतीवर लावली आहेत, आणि टँकर आला की पाइप टाकीत सोडण्यापूर्वी लाटणाऱ्यांपैकी कोणीतरी पाण्याची चव घेते.