रस्स्यामागचा हिशेब

आमच्या लालबागच्या घरी महिन्यातून दोन रविवार बाहेरून कोंबडी-वडे आणण्याचा रिवाज आहे. वडिलांना गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही, म्हणून गेली दोन-तीन वर्षे आम्ही ते ॲपवरून मागवत होतो. मागच्या महिन्यात दोन ताटांचे बिल जवळजवळ 800 रुपये झाले, तेव्हा मी प्रथमच त्यातला प्रत्येक आकडा नीट वाचला आणि संध्याकाळी खाणावळीत जाऊन काकींशी, म्हणजे मालकीणबाईंशी, त्याविषयी बोललो.

खाणावळीत ताट 260 रुपयांना मिळते, ॲपवर तेच 330 ला. दोन ताटांचे 660 आणि पॅकिंगचे 40 मिळून 700 झाले. त्यावर 5 टक्के जीएसटी, शिवाय घरपोच पोचवण्याचे पैसे आणि प्लॅटफॉर्म शुल्क. हे प्लॅटफॉर्म शुल्क 2023 साली 2 रुपयांनी सुरू झाले तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नव्हते. आता ते दोन आकडी झाले आहे. पोचवण्याच्या पैशांवरही 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के जीएसटी लागतो. काकींची उलाढाल लहान असल्यामुळे त्यांच्याकडे जीएसटी नोंदणी नाही, पण 1 जानेवारी 2022 पासून ॲपवरून घेतलेल्या जेवणाचा कर ॲप कंपनीनेच भरायचा असतो, त्यामुळे तो आमच्या बिलात येतोच.

वाढीव 70 रुपये काकींना मिळत असतील, अशी माझी समजूत होती. त्यांनी वही उघडून दाखवली. त्या 700 रुपयांतून चौथा हिस्सा, म्हणजे 175 रुपये, कमिशनपोटी जातात. कमिशनवर 18 टक्के जीएसटी, तो साधारण 31 रुपये. हातात उरतात साधारण 494 आणि डबे, पिशव्या त्यांच्याच. दारात येऊन नेणाऱ्याकडून मात्र 520 पूर्ण मिळतात. आम्ही 800 मोजले आणि रांधणाऱ्या बाईला 500 सुद्धा पोचले नाहीत, हे मला फार लागले.

स्वयंपाकघरातला खर्च वाढला आहेच. काकी वाटपासाठी सुके खोबरे आणि कांदा मंद आचेवर पार तपकिरी होईपर्यंत भाजतात. त्या रंगावरच रस्स्याची चव ठरते, आणि खोबरे कमी करून दाटपणासाठी डाळ्याचे पीठ लावले तर पहिल्याच घासाला कळते. सोलकढीलाही ओला नारळ लागतो. नारळ 2025 मध्ये अतोनात महागला. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के झाले, तेव्हा वडे तळायचे तेलही कडाडले. पुढे मे 2025 अखेर हे शुल्क 10 टक्क्यांवर आले, तरी तेलाच्या डब्याचा भाव पूर्वीच्या जागी गेला नाही, असे काकी सांगतात. व्यावसायिक वापराच्या 19 किलोच्या सिलिंडरचा दर तर बहुधा दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. ही वाढ ताटात दिसते, आणि ती द्यायला माझी कधीच ना नाही.

गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. काकींच्या सासूबाई त्याच काळात गिरणी कामगारांना महिनेवारीने जेवू घालत. त्यांच्या सुनेच्या कमाईतून आज पुन्हा एवढा मोठा वाटा बाहेर जावा, हे मला योग्य वाटत नाही. पावसात जेवण घेऊन तीन मजले चढून येणाऱ्या मुलाविषयी माझी तक्रार नाही. त्याच्या हाती यातले फारसे पडत नाही, असे तोच सांगतो.

आता रविवारी साडेबाराला मी स्टीलचा चार पुडांचा डबा घेऊन खाली उतरतो. खाणावळ सात मिनिटांवर आहे. मागच्या खेपेस काकी संकोचून म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून ताटामागे वीस रुपये वाढवायला लागतील हो." नारळाचा भाव पाहता हे त्यांनी आधीच करायला हवे होते, असे मी त्यांना सांगितले.