पाणी न घेणारे वॉशिंग मशीन

पावसाळ्यात नेरुळमधील आमच्या घरचे फ्रंट लोड मशीन पाणी भरता भरताच थांबू लागले आणि पडद्यावर पाणीपुरवठ्याच्या बिघाडाची खूण दिसू लागली. पाहायला आलेल्या मेकॅनिकने कार्ड, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, बदलायला सांगितले. कार्ड हा मशीनमधील सर्वांत महागड्या भागांपैकी एक असल्यामुळे त्याला हात लावण्यापूर्वी नळापासून ड्रमपर्यंतची पाण्याची वाट तपासलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मशीन सुरू करून मागच्या बाजूला कान दिला, तेव्हा पाणी आत सोडणाऱ्या विजेवरच्या झडपेचा, म्हणजे इनलेट व्हॉल्व्हचा, बारीक गुणगुणाट स्पष्ट ऐकू येत होता. म्हणजेच कार्ड आपले काम करून व्हॉल्व्हपर्यंत वीज पोहोचवत होते. त्यानंतर प्लग काढून व्हॉल्व्हमधील कॉइलच्या, म्हणजे तारेच्या वेटोळ्याच्या, दोन्ही टोकांना मल्टीमीटर लावला. २३० व्होल्टच्या अशा कॉइलचा रोध साधारणपणे ३ ते ५ किलो-ओहम असतो आणि आमचा त्याच मर्यादेत आला, त्यामुळे कॉइल जळालेली नाही हेही स्पष्ट झाले. ड्रेन पाइप खाली घसरला असेल तर भरलेले पाणी आपोआप वाहून जाते आणि लक्षणे अगदी अशीच दिसतात. आमचा पाइप मात्र जागेवर होता.

राहिला प्रश्न दाबाचा. पाण्याची १० मीटर उंची सुमारे १ बार दाब देते. आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो आणि गच्चीवरील टाकी आमच्या नळापेक्षा जेमतेम चार-पाच मीटर उंच आहे, म्हणजे आम्हाला मुळातच अर्ध्या बारच्या आसपास दाब मिळतो. खालच्या मजल्यांवर जो थोडासा अडथळा जाणवणारही नाही, तोच इथे मशीन थांबवतो. इनलेट पाइप मशीनकडून सोडवून बादलीत धरला, तर धार चांगली होती. अडथळा नक्कीच त्याच्या पुढे होता.

व्हॉल्व्हच्या तोंडाशी प्लॅस्टिकची बारीक जाळी असते. नळ बंद करून ती निमुळत्या पक्कडीने हलकेच ओढून काढली, तेव्हा तिच्यावर तांबूस गाळाचा थर बसलेला दिसला. पाणीपुरवठा बंद राहून पुन्हा सुरू झाला की पहिल्या पाण्याबरोबर असा गाळ येतो. जुन्या टूथब्रशने आणि वाहत्या पाण्याने जाळी स्वच्छ झाली. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील ज्या संकुलांत बोअरचे पाणी वापरले जाते, तिथे जाळीवर क्षारांचा पांढरा थरही बसू शकतो. तो ब्रशने निघत नाही, त्यासाठी जाळी लिंबाच्या सत्त्वाच्या कोमट पाण्यात भिजत ठेवावी. जाळी फाटली असेल तर मात्र नवीच घ्यावी, कारण गाळ आत गेला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि मशीन बंद असतानाही ड्रममध्ये पाणी झिरपत राहते.

पाइप परत बसवताना मी रबरी वॉशर बदलला, आटे हातानेच घट्ट केले आणि पहिली धुलाई संपेपर्यंत जोडावर लक्ष ठेवले. आता पाणी बंद राहून आले की आधी न्हाणीघरातील नळ स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडतो आणि मगच मशीनचा नळ उघडतो.