निखाऱ्यावरचं धोंडस, कन्व्हेक्शन ओव्हनमध्ये

माझ्या वहीतल्या भाजायच्या पाककृती तीन ठिकाणांहून आलेल्या आहेत. काही पंखा नसलेल्या ओटीजीसाठी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलसाठी) लिहिलेल्या, '१८०ला ४० मिनिटं' अशा. काही अमेरिकेतल्या बहिणीने पाठवलेल्या, ३५० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १७७ सेल्सिअसच्या. आणि उरलेल्या सासूबाईंच्या तोंडच्या, ज्यात आकडाच नाही : 'खाली मंद आच, झाकणावर निखारे.' घरी २८ लिटरचा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह, म्हणजे पंख्याने गरम हवा फिरवणारा ओव्हनही असलेला, आला तेव्हा या तिन्ही प्रकारच्या पाककृती त्यात बसवायच्या असं मी ठरवलं. हळूहळू त्या बसल्याही. कशा बसल्या, ते सांगते.

सगळीकडे सांगितला जाणारा नियम खरा आहे : पंख्याच्या ओव्हनमध्ये तापमान १५ ते २० अंशांनी कमी ठेवा, किंवा वेळ साधारण पाव हिश्शाने कमी करा. मी तापमान कमी करते आणि वेळ पाककृतीतलाच धरते, पण पाऊण वेळ झाला की काचेतून बघायला लागते. नियमामागचं कारण कळलं तेव्हा मात्र काम खरं सोपं झालं. ओव्हनमधल्या पदार्थाभोवती त्याच्याच वाफेचा, जरा गार आणि दमट असा हवेचा थर धरून असतो. पंखा तो थर सतत बाजूला सारतो आणि गरम हवा थेट पदार्थाला भिडते. ओले कपडे पंख्याखाली लवकर वाळतात, तसाच हा प्रकार. म्हणजे ही हवा पदार्थ भाजते त्याबरोबर वाळवतेही. तेव्हापासून कुठलाही पदार्थ आत ठेवण्याआधी मी एवढंच विचारते : ह्याचं अंग कोरडं व्हायला हवंय, की ओलं राहायला हवंय?

त्याआधी ओव्हनची ओळख करून घेतली. त्याला १६ अँपियरचा प्लग लागतो, तो स्वयंपाकघरात एकाच ठिकाणी होता, म्हणून जागा आपोआप ठरली. प्रीहीट झाल्याची शिटी वाजते तेव्हा आतली हवा तापलेली असते, भिंती आणि जाळी अजून तापायच्या असतात. म्हणून शिटीनंतर मी आणखी दहा मिनिटं थांबते. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर आणला, तोही हेच सांगत होता. आच कुठे जास्त आहे ते बघायला जाळीवर ब्रेडच्या स्लाइस मांडून १८०ला भाजल्या. पंख्याच्या बाजूची कड आधी तांबूस होते की ताटली फिरल्यामुळे सगळं सारखं होतं, ते त्यातून लगेच दिसतं. ताटली न फिरणारा ओव्हन असेल, तर निम्मा वेळ झाला की ट्रे फिरवावाच लागतो. आणि एक सांगून ठेवते : धातूचा डबा निव्वळ कन्व्हेक्शनवर चालतो, मायक्रोवेव्हवर नाही. कॉम्बिनेशनसाठी, म्हणजे दोन्ही एकत्र चालतात त्यासाठी, आपापल्या यंत्राचं पुस्तक बघावं.

सुरुवात नानकटाईपासून केली, कारण तिला कोरडी हवा मानवते. पूर्वी सुट्टीत पीठ मळून, डब्यात घालून बेकरीच्या भट्टीत भाजायला न्यायचे, त्या भट्टीची आच चारही बाजूंनी असायची. १८०ची नानकटाई मी १६०ला ठेवते. काठ असलेल्या ट्रेऐवजी ट्रे उलटा करून त्याच्या पाठीवर मांडते, म्हणजे काठामुळे हवा अडत नाही. गोळे वळून पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवले की तूप आळतं आणि नानकटाई पसरायच्या आधी तिचं अंग धरतं. १५ ते १८ मिनिटांत ती होते. हाताला मऊच लागते, पण वर चिरा पडलेल्या असतात आणि तळ बदामी झालेला असतो. तेव्हाच बाहेर काढायची, गार झाल्यावर ती आपोआप खुसखुशीत होते. दुसऱ्या घाण्याला दोन मिनिटं कमी लागतात, कारण आता भिंतीसुद्धा तापलेल्या असतात.

बाकरवडी एकाच तापमानात बसवणं मला जमेना. सारणात साखर, तीळ, खसखस, सुकं खोबरं, सगळं पटकन करपणारं, आणि बाहेरची पारी मात्र चांगली वाळायला हवी. म्हणून दोन टप्पे केले. आधी वड्यांना सगळीकडून तेलाचा हात लावून १७०ला पंधरा-सोळा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. मग तापमान १३०वर आणून आणखी पंधरा-वीस मिनिटं, नुसती वाळवायला. तेलात कंजूषी करू नये. तेल नसेल तर पारी पांढरट आणि कडक होते. तेलाचा पातळ थर असला की तिला रंग येतो आणि ती खुसखुशीत राहते.

दिवाळीच्या चिवड्याचे पातळ पोहे उन्हात ठेवायचे, ते आता ओव्हनमध्येच कुरकुरीत करते. इथे पंखा अडचण करतो, पोहे इतके हलके की ते आत उडायला लागतात. उंच काठाच्या डब्यात ठेवले आणि वर पीठ चाळायची स्टीलची चाळणी पालथी घातली की काम होतं. बाकी पदार्थांना उंच काठ नको असतो, पोह्यांना तो हवाच असतो. १२०ला आठ-दहा मिनिटं, मध्ये एकदा हलवून. शेंगदाणे १५०ला, साधारण अठरा मिनिटं. वास सुटला की लगेच थंड ताटात पसरायचे, कारण बाहेर आल्यावरही आतल्या आत ते भाजत राहतात. कढईपुढे उभं राहून हलवत बसण्यापेक्षा हे मला फार आवडतं.

आता ज्यांचं अंग ओलं राहायला हवं, ते. केकबद्दल थोडक्यात : १६०, खालची जाळी, फिक्या रंगाचा अॅल्युमिनियमचा डबा. हवा जास्त गरम असली तर वरची साय आधी धरते, आतलं मिश्रण नंतर फुगतं आणि मध्यभागी डोंगर होऊन चिरतं. काळा डबा आच जास्त ओढतो, तो वापरलात तर आणखी थोडं खाली यावं.

पण मन लावून बसवलं ते धोंडस, म्हणजे काकडीचा गुळाचा केक. आमच्या रत्नागिरीच्या घरी पावसाळ्याच्या शेवटी जून तवसं, म्हणजे मोठी काकडी, निघालं की ते ठरलेलंच. एक वाटी तांदळाचा रवा तुपावर भाजायचा, त्यात दोन वाट्या काकडीचा कीस त्याच्या पाण्यासकट, पाऊण वाटीहून जरा जास्त गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, मीठ, वेलची. हे गॅसवर शिऱ्यासारखं आटवून मग भाजायचं. चुलीवर त्याला खालून मंद आच आणि झाकणावरचे निखारे अशी दोन्हीकडून सावकाश धग मिळते, आणि झाकणामुळे वाफ आतच राहते. ओव्हनमध्ये दोन्ही गोष्टी उलट्या. वाफ उडून जाते, आणि तळाला वरच्याइतकी धग लागत नाही. खालची खरपूस कड नसलेलं धोंडस आमच्या घरात कुणी पानात घेणार नाही.

म्हणून कामं वाटून दिली. खालचा निखारा गॅसकडे, वरचा ओव्हनकडे. जाड अॅल्युमिनियमच्या, दांडा नसलेल्या पातेल्यात तूप सोडून मिश्रण थापायचं, दीड इंचाच्या वर नाही. पातेलं तापलेल्या लोखंडी तव्यावर ठेवून गॅस अगदी बारीक करायचा. सात-आठ मिनिटांनी कडेने तूप बुडबुडायला लागतं आणि गूळ भाजल्याचा वास येतो. मग वर केळीचं पान, त्यावर घट्ट झाकण, आणि पातेलं १६०च्या ओव्हनमध्ये. अर्ध्या तासाने झाकण-पान काढायचं आणि १५ ते २० मिनिटं उघडं ठेवायचं. पंख्याचं कोरडं वारं इथे शेवटी उपयोगी पडतं, वरची बाजू तांबूस होते.

केकसारखी सुरी घालून बघायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, सुरीला चिकटणारच ते, गूळ आहे त्यात. कड सुटली का बघ. घड्याळ काय बघतेस?" कड सुटली होती, पातेल्यापासून दोऱ्याएवढी. पूर्ण गार झाल्यावर ताटात उपडं केलं. तळ गडद, चकचकीत, कापताना करकर वाजणारा. "आई, निखाऱ्याचं आणि हे, फरक वाटतो का?" मी विचारलं. "धुराचा वास नाही," त्या म्हणाल्या, "बाकी तेच." त्यांनी दुसरी वडी घेतली. वहीत धोंडसापुढे पहिल्यांदा आकडे लिहिले, आणि त्यांच्या पुढे 'कड सुटली का बघ' हेसुद्धा.

धुराचं वांग्याच्या भरतालाही लागू आहे. २००ला टोचे मारलेलं, तेल लावलेलं वांगं पाऊण तासात लोण्यासारखं होतं, पण चव यायची तर जळता कोळसा वाटीत ठेवून, वर तुपाचा थेंब सोडून धुरी द्यावी लागते, किंवा सरळ गॅसवरच भाजावं. कोथिंबीर वडी मात्र छान जमते. आधी उकडून घेतलेली असते म्हणून आत ओलावा पुरेसा असतो. तेलाचा हात लावून २००ला पंधरा-सोळा मिनिटं, उलटून आणखी पाचेक मिनिटं. पाहुणे असताना एका वेळी सगळ्या वड्या गरम मिळतात, हा मोठा फायदा.

भाजणीची चकली मी ओव्हनमध्ये ठेवत नाही. तेलात तिच्यातलं पाणी झपाट्याने वाफ होऊन बाहेर पडतं, म्हणून ती आतून पोकळ आणि हलकी होते. गरम हवेला तेवढा वेग नाही, चकली नुसती वाळत जाते आणि दाताला कडक लागते. तिच्यासाठी दिवाळीत कढई चढतेच, आणि त्याच वेळी शेजारी ओव्हनमध्ये नानकटाईचा घाणा असतो.