मारुतीला पाणी लागलं, पण पाऊस कुठे पडला?

"मॅडम, अठ्ठेचाळिसाव्या ओळीवर एरर दाखवतोय, पण तिथे तर काहीच चुकलेलं नाहीये. मग शोधायचं कुठे?"

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा येतो. बहुतेक वेळा रात्री दहानंतर, सोबत मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो. प्रबंध आणि गणिताच्या प्रश्नपत्रिका लेटेकमध्ये, म्हणजे मजकुरात आज्ञा टाइप करून छापील पानं बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये, लावून देणं हा माझा धंदा, त्यामुळे अडलेले लोक माझ्याकडेच येणार. लेटेकच्या एरर वाचायच्या कशा, हे तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

नाशिककराला समजवायला मला गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पुरते. पावसाळ्यात गोदाघाटावर पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावर गावात पुराचा हिशोब चालतो. पण ते पाणी घाटावरच्या पावसाचं नसतं. पाऊस वर त्र्यंबककडे कोसळलेला असतो, मग गंगापूर धरणातून विसर्ग होतो आणि काही तासांनी मारुतीला कळतं. लेटेक जो ओळ क्रमांक देतो तो मारुती. तिथे त्याच्या लक्षात आलं, एवढाच त्याचा अर्थ.

मागच्या वर्षी एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. लासलगावच्या कांदा बाजारावर मराठीत प्रबंध, चार दिवसांवर सबमिशन. एरर म्हणत होती की फाईल संपली, पण 'अॅट-एक्स-डी-बी-एल-ए-आर-जी'चं वाचन अर्धवटच आहे. हा मंत्र तिने आयुष्यात कधी टाइप केला नव्हता. तो लेटेकच्या पोटातला शब्द, शीर्षकं आणि कॅप्शन वाचताना तो स्वतःच वापरतो. ओळ ४८ होती मुख्य फाईलची, आणि त्या ओळीवर 'तिसरं प्रकरण इथे घे' एवढीच आज्ञा होती. बिचारी तीच ओळ पाच वेळा पुसून पुन्हा लिहून बसली होती.

मी तिला एररच्या वरची ओळ वाचायला सांगितली. तिथे 'रनअवे आर्ग्युमेंट' असं प्रश्नचिन्ह लावून लिहिलेलं असतं, आणि त्याखाली लेटेक जे गिळत सुटला त्याचा पहिला घास दाखवलेला असतो. तिच्या बाबतीत तो होता: उघडा महिरपी कंस, 'लासलगावची आवक ४०', आणि लगेच पुढे लेबलची आज्ञा. "आवक ४० काय?" मी विचारलं. "चाळीस टक्के घटली," ती म्हणाली आणि तिथेच थांबली. % हे चिन्ह लेटेकमध्ये टिप्पणीचं. त्याच्यापुढचं ओळीच्या शेवटापर्यंत सगळं दुर्लक्षित. तिने आधी उलटी तिरकी रेघ दिली नव्हती, त्यामुळे 'घटली' गेलंच, पण कॅप्शन बंद करणारा कंसही गेला. मग लेटेक तो कंस शोधत अख्खं प्रकरण वाचत गेला, प्रकरणाची फाईल संपल्यावर मुख्य फाईलमध्ये परत आला आणि तिथे बोंब मारली.

घासही दिसत नसेल तर मी निम्मं-निम्मं करते. प्रकरणाच्या मध्यावर 'डॉक्युमेंट संपलं'ची आज्ञा टाकायची. फाईल निमूट छापली गेली तर चूक त्याच्या खाली, नाही तर वर. हजार ओळी दहा-बारा फेऱ्यांत उरकतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण मुलं त्याऐवजी तासभर स्क्रीनकडे बघत बसतात, ते जास्त कंटाळवाणं.

या एरर इतक्या चमत्कारिक का, तर त्या बऱ्याचशा लेटेकच्या खाली चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, टेकच्या आहेत. डोनाल्ड कनूथ यांनी तो १९७७च्या सुमारास करायला घेतला. लेझली लॅम्पोर्ट यांचा लेटेक त्यावर नंतर चढला. माणूस टर्मिनलसमोर बसलाय, चूक सापडली की टेक थांबतो आणि प्रश्नचिन्ह दाखवून वाट बघतो, अशी ती रचना. तिथे 'एच' दाबलं तर तो थोडी मदत करतो. गणित कुठे सुरू होतं आणि संपतं हे दाखवणारं डॉलर चिन्ह राहिलं असेल तर 'मी एक घातलंय, आता देवाचं नाव घेऊन पुढे चला' अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. पुन्हा 'एच' दाबलं तर सांगतो, जमेल तेवढी मदत केली, आता एखाद्या माणसाला विचारा. आणि हेही, की माझ्या लक्षात येण्याआधीच कुठेतरी चूक झालेली असू शकते. मारुती स्वतःच सांगतोय! पण आता सगळे ऑनलाइन एडिटरमध्ये हिरवं बटण दाबतात, ते प्रश्नचिन्ह त्यांना दिसतच नाही.

आणि हो, सत्तावन्न एरर आल्या म्हणून सत्तावन्न चुका नसतात. साध्या मजकुरात 'कांदा_२०१९' लिहिलं की अंडरस्कोअर बघून टेकला गणित सुरू झाल्यासारखं वाटतं. तो एकदा तिथे डॉलर घालतो, परिच्छेद संपताना पुन्हा एकदा. पहिली दुरुस्त करायची, फाईल परत चालवायची. 'ओव्हरफुल एचबॉक्स' ही तर एररही नाही, ओळ समासात घुसल्याची नुसती सूचना. किती पॉइंट घुसली तेही त्यात असतं; बारा पॉइंट म्हणजे चार मिलिमीटरच्या आसपास, ते डोळ्यांना खुपतं. एक पॉइंटासाठी मी उठत नाही.

मला खरी भीती वाटते ती न बोलणाऱ्या चुकांची. फॉन्टला देवनागरी लिपी आहे हे सांगायला विसरलात तर पीडीएफ बिनतक्रार तयार होतो आणि त्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे बसते. लॉगमध्ये, म्हणजे लेटेकच्या नोंदींच्या फाईलमध्ये, चकार शब्द नाही. एका प्रबंधाच्या पाच बांधीव प्रती मी अशा बघितल्या आहेत.

ती कांद्याची मुलगी घरी पोचली आणि रात्री अकराला फोन. एका शीर्षकात कमांड चुकली होती, ती तिने दुरुस्तही केली होती. "मॅडम, पण तीच एरर परत येतेय."

शीर्षकांची नक्कल लेटेक अनुक्रमणिकेसाठी वेगळ्या फाईलींमध्ये ठेवतो आणि पुढच्या वेळी आधी त्याच वाचतो.

"ऑक्स आणि टीओसी, दोन्ही फाईली डिलीट कर," मी म्हटलं, "आणि तीनदा चालव."